शिल्पाच्या वाट्याची अकरा कामं

जळगाव,
सोमवार, ९ डिसेंबर २०२४

प्रिय अक्का,

प्रभूत सलाम. तुझे गुडघे कसे आहेत? दाजींची साखर आटोक्यात आहे ना? धुळ्याला आमच्यापेक्षा जास्त थंडी असेल. आम्ही दोघं बरे आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते.

फोन सोडून कागद का, तर तुझा फोन कायम साक्षीच्या हातात असतो आणि ही तुझी नात माझा निरोप तुझ्याआधी वाचते. शिवाय सोबत नाताळच्या कामांची यादी जोडली आहे. ती हातात धरून, चष्मा लावून वाचायची. एकोणीस वर्षं मी शाळेचं वेळापत्रक केलं, एक तास कधी मोकळा सुटला नाही. मग आपण सगळे मिळून चौदा माणसं तेवीस तारखेपासून एका घरात राहणार, ते काय आपोआप पार पडणार? तारीख, काम, कोण करणार आणि झालं, असे चार रकाने आहेत. मूळ यादी स्वयंपाकघराच्या दारावर लावली आहे, शेजारी दोऱ्यानं पेन बांधलंय. ज्याचं काम झालं त्यानं खूण करायची, एवढं साधं आहे.

पण अक्का, मला या नाताळचा आत्ताच वीट आला आहे. वीट हा शब्दही कमी पडेल, शिसारी आली आहे.

परवा माळ्यावरची पेटी खाली घेतली. गव्हाणीच्या कापसात झुरळांनी अंडी घातलेली. एका मेंढपाळाचं तोंड उंदरानं कुरतडलंय, आणि चमकीच्या माळांवर त्या उंदरानं बाकी जे करायचं ते सगळं केलंय. मी गेल्या वर्षी पेटीत डांबरगोळ्या टाकायला यांना सांगितलं होतं. यांनी ‘टाकल्या’ म्हणून खूणही केली होती. गोळ्या यांच्या कपाटात पाकिटासकट सापडल्या.

आपल्या अभिमनचं तर विचारूच नको. करंज्यांचं काम या वर्षी त्याच्या घरी दिलं होतं. धाकटा भाऊ, होईल जबाबदार, म्हटलं. त्यानं कुठल्याशा दुकानातून दोन किलो विकतच्या करंज्या आणून टेबलावर आपटल्या आणि म्हणाला, “लिलाताई, कोण कुटाणा करी आते?” एक मोडून पाहिली. डालडा टाळूला चिकटला आणि सारणातून केस निघाला, लांब केस. मी बेसिनवर जाऊन तीन चुळा भरल्या. असोद्याची भरिताची वांगी तेवढी त्याच्याकडे ठेवली आहेत, कारण वांग्यात केस निघणार नाही. बाकी सगळं मीच करते आहे. शंकरपाळे झाले, शेव झाली, डब्यांवर तारखा टाकल्या. आणि हे त्या डब्यांवर ओला टॉवेल वाळत घालतात.

हितेंद्र आणि शिल्पा सध्या इथे नाहीत. शिल्पाला रात्रपाळी लागली, म्हणून तिच्या दवाखान्याजवळ पिंप्राळ्यात खोली घेतली आहे. पाच तारखेला गेले. नाताळला ते आपल्यात जेवायला असतील की नाही, मला माहीत नाही. हितेंद्र फोन उचलतो, “बघू” म्हणतो आणि ठेवतो. एकुलता एक मुलगा, लग्नानंतरचा पहिला नाताळ, एकाच गावात राहतो, आणि बघू! कुणी विचारलं तर तू रात्रपाळीचंच सांग. तुझ्या यादीत हे एक काम वाढवलं असं समज.

लोक म्हणतील, लिलानं सुनेला कामाला जुंपलं. तसं काही नाही. उलट मी तिला स्वयंपाकघरातून मोकळीच ठेवली होती. दिवसभर तिचे हात जखमांत, पुवात आणि बेडपॅनमध्ये असतात. ते हात नाताळच्या पिठात नकोत, एवढंच माझं म्हणणं. हा स्वच्छतेचा प्रश्न आहे, यात राग येण्यासारखं काय आहे?

तिच्या आईनं, भागाबाईनं, डबा पाठवला होता. चोपड्याच्या पुढे सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांचा पाडा आहे, तुला लग्नातलं आठवत असेल. डब्यात मोहाच्या फुलांचे लाडू होते. मोहाची लोक दारू गाळतात, तो वास घरभर झाला. लाडवांना मुंग्या लागल्या. असो.

केकचा साचा आणायला विसरू नको, मोठा.

तुझी,
लिला


जळगाव,
सोमवार, १६ डिसेंबर २०२४

प्रिय अक्का,

सलाम. तुझं पत्र शनिवारी मिळालं. पत्र कसलं, मेमो. खुशाली नाही, आशीर्वाद नाही. पाठ होण्याइतक्या वेळा वाचलं, म्हणून तुझंच तुला लिहून दाखवते.

“लिले, यादी वाचली. शिल्पाचं नाव अकरा ठिकाणी आहे. घंटागाडी, चांदणी, पडदे, जिना, माळा, असं सगळं. अकरांत एकही काम पिठाचं नाही, तेलाचं नाही, गॅसजवळचं नाही. मी चाळीस वर्षं नर्स होते. माझ्या हातची भाकरी खाताना तुला कधी बेडपॅन आठवलं का? आणि लाडवांना खरंच मुंग्या लागल्या होत्या का?”

मला तुझा असा राग आला की पत्र दुमडून पिठाच्या डब्याखाली ठेवलं. यांनी ते काढून वाचलं. तुला माहीत आहे, हे बोलत नाहीत. वाचून झाल्यावर फक्त एवढं म्हणाले, “अक्काले खरं लिखी टाक.” आणि फिरायला गेले.

तर लिहिते. मुंग्या लागल्या नव्हत्या.

डबा आला तेव्हा भागाबाईचा फोन आला होता. तिची घरची बोली वेगळी, पण माझ्याशी ती अहिराणीत बोलते. म्हणाली, “विहीणबाई, लाडू धाडेल शेतस. पोरीले आवडतस. तुम्ही बी खाई दखा.” मी “हो हो” म्हटलं. मग झाकण उघडलं. काळपट, चिकट लाडू, हातानं वळलेले, बोटांचे ठसे दिसत होते. त्या ठशांकडे पाहून मला मळमळलं. दारूचं मी तुला लिहिलं ते नंतर सुचलेलं आहे. मळमळलं ते ती बोटं कुणाची आहेत ते आठवून. पाड्यावरची, आदिवासी बाई, कुठल्या पाण्यानं हात धुतले असतील. हे शब्द मी मनात जसेच्या तसे म्हटले, अक्का. त्यांचं घरही आपल्यासारखंच ख्रिस्ती. लग्नात मी पाळकसाहेबांसमोर तिला मिठी मारून फोटो काढला होता.

मी ते लाडू वर्तमानपत्रात गुंडाळले आणि ओल्या कचऱ्याच्या पिशवीत घातले. वर कोथिंबिरीच्या काड्या आणि चहाचा चोथा टाकला. नीट झाकलं. माझं काम नेहमी नीटच असतं.

आणि पाच तारखेला कचऱ्याचं काम कुणाचं होतं? यादीत मीच लिहिलेलं. घंटागाडीवाला ओला-सुका वेगळा नसला की पिशवी परत देतो. हितेंद्रनं कसली तरी प्लॅस्टिकची पिशवी ओल्यात टाकलेली, म्हणून शिल्पा खाली फाटकापाशी बसून हातानं वेगळं करत होती. मी वरून खिडकीतून बघत होते. ते वर्तमानपत्र तिच्या हाताला लागलं तेव्हा मी हाक मारायला हवी होती. काहीही सांगायला हवं होतं. तिनं कागद उघडला. गाडीवर ते स्वच्छतेचं गाणं वाजत होतं आणि गाडीवाला “ताई, लवकर” म्हणून ओरडत होता. तिनं बाकीचा कचरा दिला, लाडू दिले नाहीत. वर आली, कोपरापर्यंत हात धुतले, जसे ती दवाखान्यातून आल्यावर धुते तसे. मग दारावरच्या यादीत ‘घंटागाडी’समोर खूण केली आणि मला म्हणाली, “मम्मी, झालं.” रडली नाही, भांडली नाही. त्या दिवशी तिच्या नावावर जिना पुसणं होतं, तेही केलं, त्याचीही खूण केली. संध्याकाळी हितेंद्रनं दोन बॅगा खाली नेल्या. पिंप्राळ्यातली खोली त्यांनी त्याच संध्याकाळी शोधली. रात्रपाळी वगैरे काही नाही.

आजीचं तू लिहिलं नाहीस, पण तू यादीतली अकरा कामं मोजलीस तेव्हाच मला कळलं की तुझ्या मनात आजी आहे. विहिरीवर गावातले लोक तिच्या ओंजळीत वरून पाणी ओतायचे आणि भांडं लागू नये म्हणून हात उंच धरायचे, ते ती आपल्याला कितीदा सांगायची. म्हणायची, या धर्मात आले तेव्हा पहिल्यांदा कुणीतरी मला हातात कप दिला. त्या बाईची नात मी. सुनेला कप हातात दिला, पण पिठाला हात लावू दिला नाही, आणि त्याला नाव दिलं नियोजन.

झुरळांची, केसाची किळस मी तुला पानभर लिहिली. आता स्वतःची येते आहे, आणि तिला चूळ भरून उपयोग नाही. स्वयंपाकघरात शिरवत नाही. दारावर ती यादी आहे, माझं वळणदार अक्षर आहे.

तू येशील ना? की तूही बघू म्हणणार आहेस?

तुझी,
लिला


जळगाव,
शुक्रवार, २० डिसेंबर २०२४

शिल्पा,

हे पत्र पप्पा तुझ्या हातात देतील. हितेंद्रच्या नको, असं मी त्यांना बजावलं आहे. वाचायचं नसेल तर त्यांना परत देऊन टाक, ते काही विचारणार नाहीत.

मी काय केलं ते तुला माहीत आहे. मी का केलं तेही तुला माहीत आहे, बहुतेक लग्नाच्या दिवसापासून. म्हणून कारणं लिहीत नाही. पहिल्या मसुद्यात दीड पान कारणं होती, ती फाडली. मी चुकले असंही लिहिलं होतं. चुकणं म्हणजे मीठ जास्त पडणं, तेव्हा तेही खोडलं. मी तुझ्या आईच्या हातांना घाण मानलं, आणि तुझ्या हातांना. हे जसंच्या तसं तुला वाचायला लागणं वाईट आहे, पण गोड करून लिहिलं तर तो आणखी एक अपमान होईल.

काल तुझ्या आईचा फोन आला. “शिल्पीनी सांगं, तुमले लाडू भारी आवडनात. आखो धाडेल शेतस, बठ्ठासले वाटी द्या.” तासाभरात पाड्यावरचा एक माणूस दारात डबा देऊन गेला. आधीच्या दुप्पट मोठा, सगळ्यांना वाटता येईल एवढा. तू अजून याच घरात राहतेस असं तिला वाटतं आहे. मी फोनवर काय बोलले ते मला आठवतही नाही.

मी एक लाडू खाल्ला. आवडला असं लिहिणार नाही. पहिला घास घशाशी आला आणि मी बेसिनपाशी जाऊन उभी राहिले. इतक्या वर्षांची खोड एका दिवसात जात नाही, हे मला काल कळलं. मग परत बसले आणि संपवला. आज सकाळी दुसरा खाल्ला, तो बसल्या जागी खाल्ला. एवढंच झालं आहे, यापेक्षा जास्त काही झालं असं समजू नकोस.

तू तुझ्या आईला खोटं सांगितलंस. माझ्यासाठी नव्हे, तिच्यासाठी, हे मला कळतं. रविवारी उपासनेनंतर मी घरच्यांना खरं सांगणार आहे. अभिमनला सांगेन, आणि अक्काचे लोक तेवीसला आले की त्यांनाही सांगेन, पोरांसकट. रात्रपाळीचं नाव कुणी घेणार नाही. नाताळच्या दिवशी तुमची दोन ताटं मी मांडणार. ती रिकामी राहिली तर का राहिली, ते सगळ्यांना माहीत असेल. तुम्ही या असं मी लिहीत नाही. या घरात मी लिहिलेलं सगळं हुकूमच ठरतं, आणि हा हुकूम करायचा मला अधिकार नाही.

एकच गोष्ट मला ठरवता येत नाही. पहिल्यांदा मला वाटलं, उद्याच्या उद्या चोपड्याची बस धरावी, पाड्यावर जावं आणि तुझ्या आईच्या पाया पडून सांगून टाकावं. पिशवीही भरली होती. मग वाटलं, त्यानं माझं मन हलकं होईल आणि तिचं कायमचं मोडेल. म्हणजे पुन्हा माझीच सोय. तेव्हा हे तू ठरव. तू सांग म्हणालीस तर मी जाईन, काही न लपवता सांगेन, आणि ती जे म्हणेल ते ऐकून घेईन. नको म्हणालीस तर तिला कधीच कळणार नाही. ती दर नाताळला तेवढ्याच मायेनं डबा पाठवत राहील, “आवडनात का?” म्हणून विचारत राहील, आणि मी मरेपर्यंत तिला “हो, भागाबाई” म्हणत राहीन.

यातलं कुठलं मी भोगायचं, ते सांग.

तुझ्या आईची आणि तुझी अपराधी,
लिला