‘ब’ वर्ग वगळून

४ ऑगस्ट

बादल्या आल्या! एकदाच्या. सहा मागवल्या होत्या, चार आल्या, त्यातल्या एकीला कडी नाही. पण ‘संशोधनासाठी बादली’ हे उपकरण की फर्निचर, यावर खरेदी विभागाने दीड महिना डोकं खाजवलं होतं. त्या मानाने चार म्हणजे चंगळच.

सोमवारपासून शाळेत काम सुरू. विषय — वस्तू का तरंगतात, का बुडतात. पाचवीतल्या मुलांना वाटतं, जड ते बुडतं आणि हलकं ते तरंगतं. ‘वाटू दे की,’ असं नवरा म्हणाला. तो लिफ्ट दुरुस्त करतो. त्याच्या धंद्यात जड ते खालीच जातं.

तीन वर्ग घेतलेत. ‘अ’ मध्ये आमच्या सरांची सात पायऱ्यांची पद्धत — शिक्षकाने कुठलं वाक्य कधी बोलायचं ते सगळं छापून दिलेलं. ‘ब’ आणि ‘क’ आपले नेहमीसारखे, पुस्तकातून. मी मागच्या बाकावर बसायचं, पाहायचं, तोंड उघडायचं नाही. शेवटी तिन्ही वर्गांना एकच चाचणी. ‘अ’ वर आला की पद्धत सिद्ध, पेपर तयार, आणि माझ्या नोकरीचं वर्षानुवर्षं भिजत पडलेलं घोंगडं वाळत पडणार. दर एप्रिलमध्ये कंत्राट संपतं, दर मेमध्ये मी हात जोडून उभी. नेमणूक समितीचे अध्यक्षही सरच आहेत. तेव्हा ‘अ’ वर आलाच पाहिजे.

७ ऑगस्ट

‘अ’ वर्ग. शिक्षक तरुण, मेहनती, घाबरलेले. पुस्तिका डोळ्यांपासून वीतभर अंतरावर धरून होते. चौथ्या पायरीत कंसात लिहिलंय — ‘येथे विद्यार्थ्यांना आश्चर्य वाटेल’. त्यांनी तेही मोठ्याने वाचलं. ‘येथे विद्यार्थ्यांना आश्चर्य वाटेल.’ मुलांनी माना डोलावल्या. एकाने वहीत उतरवूनही घेतलं.

‘क’ चे मास्तर वेगळेच. त्यांचा आवाज फाटकापर्यंत जातो. मुलांना काय कळलं ते माहीत नाही, पण शाळेबाहेरच्या रिक्षावाल्यांना घनता नक्की समजली असेल.

८ ऑगस्ट

घोड्याने पेंड खाल्लीच! ‘ब’ च्या बाईंचा घसा बसला. बसला म्हणजे साफ — कुजबूजसुद्धा नाही. डॉक्टरांनी बजावलंय, महिनाभर एक शब्द बोलायचा नाही. बदली शिक्षक नाही. मुख्याध्यापक म्हणाले, ‘बसवून ठेवा मुलांना, धडा वाचून घ्या म्हणावं.’

सरांना फोन केला. ‘नेहमीसारखा वर्ग हवा होता ना? शिक्षक आजारी असणं हे नेहमीसारखंच आहे. चालू ठेवा.’

चालू ठेवते.

११ ऑगस्ट

बाई पन्नाशीच्या आतबाहेर, ठेंगण्या, गळ्याला मफलर. फळ्यावर खडूने लिहिलं — ‘मी महिनाभर गप्प. तुम्ही नाही.’ वर्गाला आधी वाटलं बाई रागावल्यात. मग वाटलं परीक्षा आहे. पुढच्या बाकावरच्या दोन वेण्यांच्या मुलीने विचारलं, ‘बाई, आमचं काही चुकलं का?’ तर बाई हसल्या. हसण्याचाही आवाज नाही, नुसते खांदे हलले.

मग बादलीत संत्रं टाकलं. तरंगलं. तेच संत्रं सोलून टाकलं. बुडालं! बाईंनी हात झटकले, खुर्चीवर बसल्या आणि वर्गाकडे बघत राहिल्या.

असा गोंधळ मी जन्मात ऐकला नव्हता.

१४ ऑगस्ट

आज चिकणमाती. गोळा बुडतो. मुलं म्हणाली, अर्धा करा, मग तरंगेल. अर्धा बुडाला. पाव केला, तोही बुडाला. शेवटी वाटाण्याएवढी गोळी उरली, तीही बुड बुड खाली. मागच्या उंच मुलाला हा सरळ अन्याय वाटला. ‘एवढीशी बुडते? मग जहाज कसं काय? जहाज तर शाळेएवढं असतं!’

बाईंनी भुवया उंचावल्या आणि मातीचा सगळा गोळा त्याच्या हातात ठेवला. बस. इतकंच. त्याने थापटलं, चेपलं, वाटी केली. पहिली कलंडली. दुसरी तरंगली. मग त्या वाटीत गोट्या टाकून बघणं आलं, भांडण आलं. ‘आतली हवा पण मोजायची,’ असं एकीचं म्हणणं. ‘हवेला कुठे वजन असतं!’ — ‘म्हणून तर!’

शेवटी कुणीतरी कळवळून ओरडलं, ‘बाई, बरोबर आहे की नाही तेवढं तरी सांगा!’ बाईंनी खांदे उडवले. मुलं इतकी चिडली, की मधल्या सुट्टीत कुणी बाहेर गेलं नाही.

तास संपल्यावर बाईंनी पाटीवर लिहून मला दाखवलं — ‘आवाज असता तर हे सगळं पहिल्या पाच मिनिटांत सांगून मोकळी झाले असते. वीस वर्षं तेच केलं.’ मी खूप दिवसांत इतकी खूश झाले नव्हते. संशोधकाने खूश होऊ नये असं पुस्तकात आहे. गेलं खड्ड्यात.

२१ ऑगस्ट

आमच्याकडे आकडेमोडीला एक मुलगा आहे, त्याला सगळे ‘सरासरी’ म्हणतात, कारण तो प्रत्येक गोष्टीत मध्येच उभा असतो. तो वर्गांचं ध्वनिमुद्रण ऐकून शिक्षक किती मिनिटं बोलले ते मोजतो. आज तणतणत आला. ‘ताई, ‘ब’ चा रेकॉर्डर बिघडलाय. शिक्षकाचं बोलणं शून्य मिनिटं येतंय.’

म्हटलं, ‘रेकॉर्डर ठीक आहे रे, बाईच बिघडल्यात.’

दोघंही खो खो हसलो.

९ सप्टेंबर

निकाल!!

‘क’ खाली. ‘अ’ त्याच्या वर. आणि ‘ब’ — ‘ब’ ‘अ’ च्याही वर. थोडाथोडका नाही, चांगलाच. सरासरीने तीनदा गणित केलं. तिन्ही वेळा तेच.

तशीच शाळेत गेले. बाई वह्या तपासत होत्या. आकडे दाखवले. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं, मग दोन्ही हातांनी टेबल बडवलं. शिक्षकांच्या खोलीतले बाकीचे दचकलेच. महिना उलटला, आवाज अजून नाही. मग पाटी ओढून लिहिलं — ‘हे छापणार ना?’

म्हटलं, ‘छापणार म्हणजे काय बाई! छापणारच!’

१२ सप्टेंबर

सरांकडे बैठक. आकडे बघून सरांनी कागद उलटा करून ठेवला. 

मग — ‘याचा निष्कर्ष काय काढायचा? शिक्षकांचा घसा बसवा म्हणजे मुलं शिकतील? सरकारला काय सुचवायचं आपण? शाळाशाळांतून बर्फ वाटा?’

सरासरी हसला. मीही हसले, मला लाज वाटली तरी.

‘शिवाय एका वर्गावरून काही सिद्ध होत नाही.’

‘सर, ‘अ’ सुद्धा एकच वर्ग आहे.’

‘तो पद्धतीनं घेतलेला आहे.’

 सर म्हणाले, ‘ब’ मध्ये शिक्षकाचं बोलणं नोंदलेलंच नाही, म्हणजे डेटा अपूर्ण. अपूर्ण वर्ग वगळायचा, ‘अ’ आणि ‘क’ ची तुलना करायची. वासरात लंगडी गाय शहाणी, तशी आमची पद्धत ‘क’ च्या मास्तरांपुढे शहाणी ठरते. निघताना सरांनी दारातच विचारलं, अगदी सहज, ‘तुमच्या मुलाखती डिसेंबरातच ना?’

‘हो सर,’ म्हटलं आणि बाहेर आले.

१३ सप्टेंबर

काही लिहिण्यासारखं नाही.

१६ सप्टेंबर

नवऱ्याला सांगितलं. तो पान्हे पुसत होता. म्हणाला, ‘तीन मजल्यांची लिफ्ट आहे आणि दुसऱ्या मजल्यावर भलतंच काही होतंय, तर आम्ही दुसऱ्याचं बटण काढून टाकत नाही.’

‘तुझ्या लिफ्टच्या हातात तुझी नेमणूक नसते.’

‘ते आहेच,’ म्हणाला, आणि पान्हे पेटीत ठेवले. मग म्हणाला, ‘तू ठरवलंयस ना? मग मला कशाला विचारतेस?’

दोघंही उपाशी झोपलो नाही, पण जेवणात लक्ष नव्हतं.

२० सप्टेंबर

तडजोड! सरांनी तळटीप मान्य केली. पानाच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरात: ‘वगळलेल्या वर्गातील शिक्षिकेने न बोलता अध्यापन केले; त्याचे उल्लेखनीय निकाल स्वतंत्रपणे मांडले जातील.’ ‘उल्लेखनीय’ हा शब्द मी भांडून घातला. स्वतंत्रपणे म्हणजे पुढचा पेपर, आणि तो मी लिहिणारच. नोकरी पक्की झाली की पहिलं काम तेच. खोटं कुठे काय बोललोय आपण? मी आज पुष्कळ दिवसांनी शांत आहे.

निष्कर्षाचं वाक्य सरांचं. ‘शिक्षकाचे स्पष्ट व सूत्रबद्ध बोलणे हाच विज्ञान शिकण्याचा कणा होय.’ मी त्यात एक स्वल्पविराम सुचवला. सरांनी तो घेतला नाही.

१८ ऑक्टोबर

परीक्षकांचा अभिप्राय आला. एकाने लिहिलंय, ‘सुंदर’. दुसऱ्याने लिहिलंय, ‘लांब’. म्हणजे कापायचं. सरांनी संदर्भ कापले, एक तक्ता कापला, मी लिहिलेले आभार कापले. आणि तळटीप.

‘पुढच्या पेपरमध्ये येणारच आहे ना ते,’ सर म्हणाले. बरोबरच आहे. येणारच आहे.

६ नोव्हेंबर

बाईंचा निरोप फोनवर. घशात गाठ आहे, पुढच्या आठवड्यात शस्त्रक्रिया. खाली — ‘मुलांनी आता ढग का पडत नाहीत हे काढलंय. मला ठाऊक नाही, आम्ही सगळे मिळून शोधतोय. आपला लेख कुठवर आला?’

आपला. मी तो शब्द बराच वेळ बघत बसले. मग उत्तर दिलं, ‘काळजी घ्या बाई. लवकरच येईल.’ आणि एक फुलाचं चित्र. फुलाचं चित्र पाठवताना स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. पण पाठवलं.

१५ डिसेंबर

मुलाखत. सरांनी विचारलं, ‘तुमच्या संशोधनातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट कोणती?’

मी म्हटलं, ‘काटेकोरपणा.’

समितीने माना डोलावल्या.

९ जानेवारी

झाली! नोकरी पक्की झाली! आई फोनवर रडली. नवऱ्याने मिठी मारली आणि एक शब्दही टोमणा मारला नाही, त्याचंच जास्त वाटलं. सरासरीने केक आणला, मध्यम आकाराचा. खोलीच्या दारावर माझ्या नावाची पाटी लागणार आहे. खरेदी विभाग म्हणाला, दीड महिना लागेल.

पेपरही छापून आला. माझं नाव सरांच्या नावाखाली. हातात घेऊन वास घेतला. छान गुळगुळीत कागद आहे.

‘ब’ चा पेपर उद्यापासून सुरू.

२४ जानेवारी

सोमवारपासून.

१० फेब्रुवारी

पहिला वाचक मिळाला! आणि तोही कोण, तर त्याच शाळेचे मुख्याध्यापक. पत्र आलंय, शिक्का वगैरे मारून — ‘शिक्षकांच्या कार्यक्षमतेविषयी एक निर्णय घ्यावयाचा आहे. आपल्या लेखाची प्रत व निष्कर्षाबाबत आपले मत कळवावे.’ संशोधन कपाटात पडून राहतं, शाळेपर्यंत कधी पोचतच नाही, अशी ओरड आम्ही सगळे परिषदांमधून करत असतो. हे घ्या, पोचलं!

प्रत पाठवली. सोबत दोन ओळी, संस्थेच्या कागदावर — निष्कर्ष विश्वासार्ह आहेत, निर्णय घेताना जरूर उपयोग करावा. खाली सही, आणि सहीखाली नवा हुद्दा. पहिल्यांदाच लिहिला. दोनदा गिरवावासा वाटला.

२ मार्च

बाईंचा निरोप. जसाच्या तसा उतरवते.

‘मॅडम, आवाज आता परत येणार नाही असं डॉक्टर म्हणाले. मुख्याध्यापक मला वर्गावरून काढून साहित्याच्या खोलीत बसवतायत. न बोलणाऱ्या बाईला शिकवता येत नाही म्हणे. आधार म्हणून तुमचाच लेख आणि तुमचं पत्र जोडलंय. मी त्यांना लिहून दिलं, की याच लेखात आमचा वर्ग आहे आणि तो सगळ्यांच्या वर आहे. ते म्हणाले, दाखवा. मी दोनदा वाचला, मला सापडत नाही. कुठल्या पानावर आहे?’