बहिरूकाकांच्या जीपची दुसरी पेटी

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

हो म्हणून बसलो. आता माघार नाही.

सकाळी बहिरूकाका आले. धरणाच्या वर पठारावर त्यांची वाडी. अकरा घरं होती, आता चार राहिलीत. वाडीत गाडी एकच, काकांची जुनी जीप. यंदाची तिसरी क्लच प्लेट जळालेली! पौडात गॅरेज घालून मला सतरा वर्षं झाली, एका गाडीच्या एवढ्या प्लेटा कधी बदलल्या नाहीत. दोष काकांचा नाही. ती वाट म्हणजे नुसते धोंडे. त्या धोंड्यांवर लो गियरसुद्धा जास्तच पळतो. मग क्लच अर्धा दाबून गाडी रेटायची, आणि आतली माणसं टपावर डोकं आपटत वर पोचतात.

प्लेट बसली तरी काका उठेनात. मग हळूच म्हणाले, "शारदा म्हणतीया, संक्रांतीपातुर बघते, न्हाईतर लेकीकडं जाते."

शारदामावशी म्हणजे त्यांची बायको. दोन वर्षांमागे याच जीपमधून येताना मणक्याला दणका बसला. तेव्हापासून वाडीच्या बाहेर पाऊल नाही. दवाखाना नाही, बाजार नाही. लेक सायली खाली माण गावात दिलीय. तिच्या घरच्यांनी भाड्याने द्यायला बांधलेल्या खोल्यांतली एक आईसाठी रिकामी ठेवलीय म्हणे.

"ती गेली की बाकीची तीन घरंबी हालत्यात. मंग मी एकटा काय करू तितं?"

आणि मी छाती काढून म्हणालो — काका, गाडी मुंगीच्या पावलानं चालवून देतो.

४ नोव्हेंबर

बायको मैमुना भाकरी थापत होती, तिला समजावून सांगितलं. गियरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस असते. आम्ही तिला पेटी म्हणतो. ती ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटते, आणि लो टाकला की वेग अडीचपट कमी, जोर तेवढाच जास्त. आता तिच्यामागे तसलीच दुसरी पेटी जोडायची. अडीच गुणिले अडीच. पहिल्या गियरला इंजिनाचे शंभरावर फेरे होतील तेव्हा चाकाचा एक होईल.

बायको म्हणाली, "म्हणजे बैलगाडीच की. त्यासाठी एवढा खटाटोप?"

हसू दे. तालुक्यात हे काम कुणी केलेलं नाही. निदान माझ्या कानावर नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

भंगारात पेटी मिळाली. वरून गंजलेली, उघडली तर आतले दात नव्यासारखे. दिवसभर धुतली. मैमुना म्हणते मला एवढ्या मायेने कधी पुसलं नाहीत.

१४ नोव्हेंबर

दोन पेट्यांमध्ये जाड लोखंडी प्लेट लागते. उरवड्याच्या राजू लेथवाल्याकडे गेलो. तो म्हणतो, "ड्रॉइंग द्या." ड्रॉइंग कुठलं? आमची पद्धत ठरलेली. पेटीच्या तोंडावर पुठ्ठा धरायचा, कडेकडेने हातोडी ठोकत जायचं, भोकं आपोआप उमटतात. पुठ्ठा दिला. राजूने उलटा-सुलटा करून पाहिला. न बोलता जेवढं बोलायचं तेवढं बोलला.

२० नोव्हेंबर

प्लेट चुकली. चूक राजूची नाही, माझीच. पुठ्ठ्यात केसभर फरक होता. जोडून इंजिन चालू केलं, पेटीला स्क्रूड्रायव्हर टेकवून मूठ कानाला लावली. आत घरघर. पोराटोरालाही कळलं असतं. सगळं खाली उतरवलं. पुन्हा उरवडे. या वेळी मधला आस बारीक मापाचा डायल गेज लावून मोजला, दोनदा. राजू म्हणाला, "आता कसं!" ऐकून घेतलं.

२३ नोव्हेंबर, रविवार

बसली! घरघर नाही, ऑइल गळत नाही. कानाला लावलं तर फक्त गियरची सरळ सूं. मन भरून आलं, खोटं कशाला लिहू.

आता जोडणी वीतभर लांबली. म्हणून चाकांकडे ताकद नेणारा मागचा प्रोपेलर शाफ्ट कापून आखूड केला, पुढचा वाढवला. केबिनमध्ये आता तीन दांड्या — गियरची, पुढच्या पेटीची, मागच्या पेटीची. काका बघतच राहिले. म्हणाले, "ह्यात हात किती लागत्यात?"

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

नमाजाहून आलो आणि कापलेल्या भातखाचरात गाडी घातली. दोन्ही पेट्या लो, पहिला गियर. अ‍ॅक्सिलरेटरला पाय नाही. गाडी चालली. चालली म्हणजे काय — मी उतरलो, शेजारून चालत पुढे गेलो, वळून बघितलं तर ती येतेय आपली मागून. बांधावरची माणसं हातातली कामं टाकून बघत होती. एकाने विचारलं, "ड्रायव्हर कुटं हाय?" म्हटलं, मीच!

आज माझ्यासारखा मीच.

३० नोव्हेंबर, रविवार

लिहायला हात होत नाही. तरी लिहितो.

धरणाच्या रस्त्यावरून वाडीची वाट फुटते, तिथला पहिला चढ चढून बघायचा होता. मध्यावर गाडी थांबवली, इंजिन बंद केलं, पहिल्या गियरमध्ये टाकली आणि उतरलो. आम्ही सगळे अशीच उभी करतो. हँडब्रेक कोण ओढतं? जुन्या जीपचा हँडब्रेक पेटीच्या मागेच असतो. दुसरी पेटी बसवताना काढला, तो परत लावलाच नव्हता. गियर आहे की, असं म्हणून.

पण थांबल्यावर मागच्या पेटीची दांडी लोमधून काढली, ती मध्येच न्यूट्रलला राहिली होती. एक पेटी न्यूट्रलला असली की गियरचा चाकाशी संबंधच तुटतो. हे मला माहीत होतं. मीच बसवलीय ना! आणि तरी सतरा वर्षांच्या सवयीने उतरलो.

गाडी मागे सुटली. मागे बहिरूकाका उभे होते. उडी मारून बाजूला झाले म्हणून वाचले. तीस फूट घरंगळत जाऊन बांधाला टेकली. काकांचं धोतर चिखलाने भरलं, बाकी काही नाही. ते म्हणाले, "शारदेला सांगू नगा. बसायची न्हाई ती."

 घरी येऊन जेवलो नाही.

३ डिसेंबर

हँडब्रेक लावला. नवी केबल, नवे लायनिंग. राजूकडून मापाचा ड्रम करून घेतला. दोन्ही दांड्यांच्या बुडाशी न्यूट्रलच्या जागी लाल पट्टा मारला, म्हणजे लाल दिसला की उतरायचं नाही. मग त्याच चढावर गाडी तासभर उभी केली आणि मागे मी स्वतः उभा राहिलो. हलली नाही.

७ डिसेंबर, रविवार

वर गेलो! काका चालवत, मी शेजारी. तिन्ही अवघड वळणं दोन्ही पेट्या लोमध्ये. चाक धोंड्यावर हळूच चढायचं, हळूच पलीकडे उतरायचं. क्लचला पाय नाही, वास नाही, दणका नाही. खालून वर एक तास दहा मिनिटं.

"पैलं अर्ध्या तासात पोचायचो," काका म्हणाले.

"पोचायचात, पण जिवंत किती?" त्यावर खूप हसले.

शारदामावशी दारातच बसल्या होत्या. चहा दिला आणि विचारलं, "गाडी सुटली म्हनं त्या दिशी?" वाडीत काय लपतं? काका माझ्याकडे बघायला लागले. मी सांगून टाकलं — सुटली मावशी, चूक माझी होती, हँडब्रेक लावला नव्हता, आता लावलाय. त्यांनी कप हातातून घेतला.

"बरं झालं बोललास. न्हाई म्हनला असतास तर बसले नसते."

२१ डिसेंबर, रविवार

मावशी उतरल्या! दोन वर्षांनी. पुढच्या सीटवर, कमरेला गोधडी लावून. पहिल्या वळणावर डोळे मिटले, दुसऱ्यावर उघडले, तिसऱ्यावर मला म्हणाल्या, "ह्यो आंबा केवढा झाला रं!" डांबरी रस्त्याला लागलो तेव्हा म्हणाल्या, पोटातलं पाणी हाललं न्हाई.

काका उतरून बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. सतरा वर्षांत कुणी माझ्या कामाची अशी पावती दिली नव्हती. आज लिहून ठेवतो: मी चांगला मिस्तरी आहे.

४ जानेवारी २०२६

मावशी तिसऱ्यांदा खाली. दवाखाना, मग सायलीकडे जेवण, मग पौडचा बाजार. आमच्या घरीही आल्या. मैमुना मला वाढताना म्हणाली, "बैलगाडी बरी निघाली." तिच्या तोंडून एवढं म्हणजे लई झालं.

१५ जानेवारी

मावशी माणला गेल्या, कायमच्या. म्हणाल्या, "आता मनात येईल तवा वर येता येतंय. मंग खाली ऱ्हायाला भ्याव कशाचं?" काका शेळ्यांपाशी वरच राहिले. त्यांना आज गाडी चालवायला जमेना, म्हणून सामान मीच उतरवलं. उरलेल्या तीन घरांनीही सामान उतरवायला मला दिवस विचारून घेतलेत.

तिन्ही वळणं उतरलो. मागे मावशींचा सगळा संसार होता, एक भांडं वाजलं नाही.