द्राक्षांच्या नक्षीची बशी

२६ ऑगस्ट, मंगळवार
सकाळी दत्ता दुकानाची किल्ली फिरवत वर आला. उभ्याउभ्याच म्हणाला, "ताई, पितृपक्ष जवळ आला. आईचं पान कधी वाढायचं? नवमीला का अमावस्येला?"
म्हटलं, हे काय विचारणं झालं? सवाष्ण गेलीय आई. अविधवा नवमीलाच.
"अप्पा आहेत असं कोण सांगतंय? घरातून जाऊन पन्नास वर्षं झाली. दोघांचं मिळून अमावस्येला करून टाकू की."
करून टाकू म्हणे! लाइटचं बिल भरायचंय काय?
गेल्या वर्षी श्रावणात आईला हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला, हातभर चुडा घातला, मग नेलं. आता तिला विधवा करू? भाकरी नीट गेली नाही.

२८ ऑगस्ट, गुरुवार
बशी काढली. देवघराखालच्या कप्प्यात होती, आईनं ठेवली तशीच.
अप्पा बांगड्यांचा माल आणायला फिरोजाबादला गेले ते गेलेच. मी चौथीत, दत्ता रांगता. वर्षभरानं पार्सल आलं. चिठ्ठी नाही, काही नाही. गवतात गुंडाळलेली ही बशी. वरचं कापड आईनं लगेच चुलीत घातलं. म्हणाली, "फिरोजाबादची काच आहे. त्यांनीच पाठवली. माणूस आहे." तेवढ्यावर जन्मभर कुंकू लावलं.
बारा वर्षं झाल्यावर काका आले होते, पळसाच्या पानांचा पुतळा करून अप्पांची क्रिया उरकू म्हणाले. आई ही बशी घेऊन दारात उभी राहिली. काका चहा न घेता गेले.
नारिंगी काच. उन्हात धरली की पाण्यावर तेल सांडल्यासारखे रंग. उलटी केली. नाव नाही, शिक्का नाही. आई हिच्यात कुंकू ठेवायची, ते द्राक्षांच्या घडात असं बसलंय की ब्रशनंसुद्धा निघेना.
दत्ताला सांगितलं, फिरोजाबादची ठरली तर नवमी. तो म्हणाला, "बरं. नाही ठरली तर अमावस्या." ठरलं.

३० ऑगस्ट, शनिवार
पुण्याचे गोरे म्हणून आहेत, जुनी काच जमवतात. बँकेतल्या मैत्रिणीनं नंबर दिला. फोटो पाठवले. लगेच फोन. भला माणूस, पण प्रश्न किती! साच्याचे सांधे दिसतात का? बुडबुडे आहेत का? बूड घासून सपाट केलंय का? वजन किती?
चष्मा, बॅटरी, किराणावाल्याचा काटा. गॅलरीत बसून सगळं केलं. बुडावरून बोट फिरवत होते तर मागून "हळू" असं ऐकू आलं. आईचाच आवाज. मागं कोण असणार? दत्ताची बायको सुनंदा खाली, दत्ता दुकानात.
बोटाला कुंकू लागलं होतं. लग्नाचं कुंकू मला कधी लागलं नाही, लग्नच केलं नाही तर. संध्याकाळपर्यंत धुवावंसं वाटलं नाही.

३ सप्टेंबर, बुधवार
गौरी काल गेल्या. घर ओकंबोकं.
गोऱ्यांचा फोन. फिरोजाबादची नाही बहुतेक. तिथली काच पातळ, रंग डागाडागाचा. ही जड आहे, बूड घासलेलं, रंग सगळीकडं सारखा. परदेशातली, स्वातंत्र्याच्या आधीची. "कुणी केली ते नाही सांगता यायचं, ताई. एकसारखी नक्षी कितीजण काढायचे. नाव असतं तर गोष्ट वेगळी."
विचारलं, अप्पांनी तिथल्या जुन्या बाजारात घेतली असेल की? ते खाकरले. "असू शकतं," म्हणाले. मला बरं वाटावं म्हणून म्हणाले, कळलं मला. तरी बरं वाटलं.
दत्ताला काही बोलले नाही.

७ सप्टेंबर, रविवार
वैरागला, आईच्या माहेरी जाऊन आले. बशी टॉवेलात गुंडाळून मांडीवर. मामीशिवाय त्या काळातलं आता कोण उरलंय?
मामीला दिसत नाही. हातात बशी दिली. तिनं कडेवरून अंगठा फिरवला, एका जागी थांबली, हसली. "ही आमच्या सासूबायची की गं! दोन व्हत्या. एक फुटली. हिचा टवका तुज्या मामानं उडवला, ल्हानपनी."
मी बघितलं. पानाच्या आड बारीक टवका. इतकी वर्षं बशी घरात, मला दिसला नव्हता.
"मामी, पार्सलनं आली होती ही. अप्पांनी पाठवली होती."
"कशाचे अप्पा? दिवाळीला वन्सं आल्या व्हत्या. हितल्याच पोस्टातनं टाकलं पार्सल, सोताच्याच नावानं. मी व्हते की संगं. म्हनल्या, वैनी, कुनाला बोलू नगंस."
"तिला अप्पांचं काही कळलं होतं?"
"न्हाय गं बाई. काय बी न्हाय. सासरचे म्हनत व्हते कुंकू पूस. वन्सं म्हनल्या, बांगड्या भरनारीनं भुंड्या हातानं दुकानात बसायचं कसं? कोन बाई हात देईल तिच्या हातात?"
मामीनं ज्वारीची भाकरी केली, चाचपडत. मी दोन खाल्ल्या. वाईट वाटतं आणि भूक लागते, दोन्ही एकदम, काय करायचं.

८ सप्टेंबर, सोमवार
आधी रागच आला. नोकरीला लागेपर्यंत पोस्टमनची सायकल वाजली की मी गॅलरीत पळायची. आई बघायची. एकदा तरी सांगायचंस गं!
मग दुपारी दुकानात गेले. दत्ता एका नव्या नवरीला चुडा भरत होता. तिची आई म्हणाली, "तुमच्या आईच्या हातनं भरला होता मी माझा. लई शकुनाचा हात." रडू आलं. खोकल्याचं निमित्त केलं.
पूर्वी अप्पा फिरोजाबादला होते. आता ते कुठंच नाहीत, म्हणून घरभर आहेत. जिन्यात, मोरीच्या दाराशी. मी दोनदा खुर्चीतून उठले, कुणीतरी आलं वाटून.

१२ सप्टेंबर, शुक्रवार
दत्तानं विचारलंच. "काय म्हणाले तुझे पुण्याचे?"
तोंड उघडलं खरं सांगायला. म्हटलं, "फिरोजाबादची."
वाटलं, बरं म्हणून जाईल. खाली बसला. बशी हातात घेतली. कधीच घेतली नव्हती त्यानं, आई देतच नसे. "म्हणजे तेव्हा होते तर." द्राक्षांवरनं बोट फिरवलं. मग, "एवढ्या लांबनं न फुटता कशी पाठवली असतील गं?"
गवत भरलं होतं म्हटलं.
"नीट भरलं असणार," म्हणाला.
पन्नाशी उलटलेला माणूस. बापाचा चेहरासुद्धा ठाऊक नाही त्याला. आईनं केलं तेच मी केलं, आणि आता माघार नाही. आईला कसं निभावलं असेल?

१५ सप्टेंबर, सोमवार. अविधवा नवमी
नेहमीच्या गुरुजींना ताप, नवे आले. तरुण, अक्कलकोटकडचे. सवाष्ण म्हणून शेजारच्या लक्ष्मीअक्काला बोलावलं. पुरण, आळूची भाजी, कढी. ओटीला हिरवं लुगडं. आईचा फोटो समोर. दत्ता सोवळ्यात, केव्हा नव्हे तो हौसेनं बसलेला.
गुरुजी म्हणाले, "वडील आहेत ना?"
मी काही बोलायच्या आत दत्ता म्हणाला, "आहेत." खणखणीत.
"मग बोलवा की त्यांना. आत का बसलेत?"
दत्तानं मान वळवली आणि आतल्या खोलीच्या दाराकडं बघत राहिला. मीपण. कढी उतू चालल्याचा वास येत होता, कुणी उठलं नाही.
लक्ष्मीअक्कानं पदर आवरला, आणि दारातून यायला वाट सोडून बाजूला सरकून बसली.