भिंतीबाहेरचा रांजण

मी, दिमियाना बिशारा, वय सतरा, राहणार खजूरवाली गल्ली, मल्लवी. उद्या असयूतला माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डोकं ठिकाणावर आहे, कुणी जबरदस्ती केलेली नाही. शाळा सहावीत सुटली, तेव्हा चुका असतील. अठरा पूर्ण नाहीत म्हणून कोर्ट हे मृत्युपत्र मानणार नाही, असं मामा म्हणतो. न मानू दे. मला तोंडावर बोलता येत नाही, म्हणून लिहिते.

१. मोबाइल धाकट्या भावाला, अबानूबला. काच त्यानंच फोडलीय.

२. कानातले आईला. तिने ते घालावेत, पेटीत ठेवू नयेत.

३. आता रांजण. बाबा वारले, त्यांच्या चाळिसाव्याला आईने तो त्यांच्या नावाने चर्चच्या भिंतीला लागून, रस्त्याच्या बाजूला ठेवला. रोज सकाळी मी भरायचे. मुसलमान असो की ख्रिस्ती, पाणी पिणारा "देव त्याच्यावर दया करो" म्हणून पुढे जायचा.

चर्चच्या सेवा समितीचे इंजिनियर नशअत यांनी तो काढून टाकला. म्हणे कुणी पीतच नाही. बघितलं कधी? रमजानात, भर सकाळी. त्यात आमचाही ईस्टरआधीचा मोठा उपास, सकाळी पाणीही नाही. तेव्हा गल्लीत पाणी पिणार कोण? संध्याकाळी बांग झाली की रांजणापुढे गर्दी व्हायची, पण साहेब तोवर गाडीत बसून घरी. इथेच जन्मलेल्या माणसाला एवढं कळू नये?

आता चर्चच्या आत थंड पाण्याचं मशीन आहे, त्यावर त्यांच्या आईचं नाव. गेटवर शिपाई मनगट बघतो, आम्हा ख्रिस्त्यांसारखा क्रूस गोंदलेला असला तरच सोडतो. समोरच्या टायरवाल्या शाबानकाकांना म्हणाला, "तुमचं इथं काय काम?" ह्याच शाबानकाकांनी बाबांची शवपेटी खांद्यावरून पार आत नेली होती. तेव्हा नाही कुणी मनगट बघितलं. आणि दर रविवारी प्रवचन कशावर, तर सेवेवर. मी आमच्या पाद्रींच्या, अबूनांच्या दाराशी जाऊन उभी राहिले. ते म्हणाले, "पुढच्या मीटिंगमध्ये बघू, पोरी." मी मान हलवून परत आले आणि रांजण घरी आणला.

तर रांजण, झाकण आणि साखळीचा पेला शाबानकाकांना. चर्चला नाही. तो रस्त्यावरच ठेवावा. कुणाचंही मनगट बघू नये. इंजिनियरसाहेब आले तर त्यांनाही पाजावं, फक्त बाबांसाठी दया त्यांनी मोठ्याने मागावी.

सहीला शाबानकाकांना बोलावलं. वाचून म्हणाले, "मेल्यावर देतेस होय? तोवर लोकांनी काय घसा सुकवत बसायचं?" आणि रांजण हातगाडीवर घालून निघालेसुद्धा. भरणार कोण, असं मी विचारलं. म्हणाले, "तूच. बरी होऊन ये. तोवर भरतो मी, पण माझं अर्धं पाणी सांडतं."

म्हणून कलम तीन बदललं. रांजण आजच दिला. भरणारी मी. आले नाही, तर पिणाऱ्यांनी बाबांच्या नावाबरोबर माझंही घ्यावं.

सही: दिमियाना बिशारा
साक्षीदार: शाबान अब्दुल-लतीफ, टायरवाले; रिफअत गिर्गिस, मामा
मल्लवी, ६ एप्रिल २०२५