आत्याच्या पोपटीला जागा

११ जानेवारी, रविवार

बोलून बसले. झालं!

खांदा कॉलनीत आत्याला बघायला गेलेले. परवा तिला दवाखान्यातून घरी आणलीय. बेलपाड्याला बारशाला गेली होती, तिथेच खुर्चीत मान टाकली. डॉक्टर म्हणाले लघवीचं इन्फेक्शन, अंगात पाणीच नाही. दयारामदादा, म्हणजे आत्याचा मुलगा, मी चप्पल काढायच्या आत सुरू झाला. "आता आईला कुठेच न्यायचं नाय. बारसं नाय, लग्न नाय. घरात टीव्ही आहे."

मागच्या हिवाळ्यात साखरेने तिचा उजवा पाय गेला, गुडघ्याखाली. तेव्हापासून चाकांची खुर्ची. पण तोंड शाबूत होतं! आज तेही गप्प. मला तेच बघवेना. बऱ्याच वेळाने एवढंच म्हणाली, "आनि पोपटी?"

आमच्या विचुंब्यात पोपटी म्हणजे सोनाबाई, म्हणजे आत्या. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, जाडं मीठ, ओवा, मधे अंडी आणि कोंबडी — थर तीच लावणार. दुसऱ्याने हात घातला की फटका! मग शेतात मडकं उपडं आणि भोवती जाळ. मागच्या वर्षी ती हॉस्पिटलात होती, आम्हीच लावली. अर्धी कच्ची, अर्धी कोळसा.

दादा म्हणाला, "गच्चीवर लावू ना."

"गच्चीवर पापड वालत घालतात," आत्या म्हणाली.

आणि मी — "मी नेते! तंबू लावू, एक रात्र मुक्काम करू. जागा मी शोधते."

दादा हसला. "तू? तू दूध आणायला जातेस नि मांजर घेऊन येतेस."

एकदाच आणलं होतं मांजर. एकदाच!

शेंगा हिरव्या राहतात महिनाअखेरपर्यंत. तेवढाच वेळ आहे. "या वर्षी नाय तर नाय मग," आत्या म्हणाली. कसं म्हणाली ते लिहीत नाही.

१३ जानेवारी, मंगळवार

हृतिकला फोन केला. शाळेतला दोस्त, शनिवार-रविवार मुंबईची पोरं कॅम्पिंगला नेतो. म्हटलं, टॉयलेट असलेली जागा सांग. "आहे ना! वेस्टर्न, चकाचक."

गेले. धरणाच्या कडेला. चकाचक आहे हे खरंय. पण वरच्या टेकाडावर! खाली तंबू, वर टॉयलेट, मधे दगडी पायऱ्या. मालकाला म्हटलं, माझी आत्या खुर्चीवर असते. तर म्हणतो, "नो टेन्शन ताई, आपली चार पोरं आहेत. उचलून नेतील काकींना."

पुढे आणखी एक जागा होती, ती बघायची होती. पण वाटेत तारेवर खंड्या बसलेला. निळा! तो पाण्यात सूर मारतो का बघत उभी राहिले. मारलाच नाही. अंधार झाला. दुसरी जागा राहिली.

दादाला सांगू नये हे.

१६ जानेवारी, शुक्रवार

दिवसभर फोन. डोकं उठलं.

एक म्हणाला, "वयस्कर नको मॅडम, आपल्याकडे म्युझिक असतं." आत्याच्या आवाजापुढे त्याचं म्युझिक काय टिकतंय!

दुसरा म्हणाला, "रस्त्यापासून फक्त दोन मिनिटं." कोणाची दोन मिनिटं? हरणाची?

तिसरा म्हणाला, रॅम्प आहे. उड्या मारत गेले. रॅम्प आहे, डिलिव्हरीची बाईक किचनपर्यंत चढवायला! आत्याला त्यावर ठेवलं तर सरळ तंदूरमध्ये.

फोटोत मात्र सगळ्यांचं सगळं जवळ. फोटोत मी पण गोरी दिसते.

१८ जानेवारी, रविवार

आज डोकं चालवलं. आत्याची जुनी खुर्ची — करकर वाजते ती — स्कूटरच्या मागे बांधली आणि निघाले. सिग्नलला लोक बघतात. बघा!

कर्नाळ्याच्या बाजूची जागा. हृतिक तिथेच भेटला. मी खुर्चीत बसले, तो ढकलायला. सगळीकडे बारीक खडी पसरलेली, शोभेला. पुढची चाकं रुतली आणि मी तोंडावर! हा व्हिडिओ काढतोय. अरे उचल ना आधी!

मग मालक आला. मी समोर बसलेली. तरी हृतिकलाच विचारतो, "ह्या काय घेतील? चहा चालेल ना ह्यांना?"

मी म्हटलं, "ह्यांना चालेल." आणि उभी राहिले. त्याच्या हातातला ट्रे गेला!

हसलो खूप. पण घरी येताना ते डोक्यातून जाईना. माझ्याशी बोललाच नाही तो. पाच मिनिटं बसले असेन खुर्चीत.

२० जानेवारी, मंगळवार

मिळाली! असं वाटलं.

नेऱ्याच्या पुढे. जमीन सपाट, फरशी, टॉयलेट तंबूच्या अगदी तोंडाशी. व्हिडिओ काढून थेट आत्याकडे.

"पोपटी लावायची कुठं?"

"ही बघ, इथे."

"आनि ते निलं दार कसलं?"

"टॉयलेट! चार हातांवर. आहे की नाही जवळ?"

आत्याने चष्मा वर केला. "म्हंजे मी शेंगा सोलायच्या नि समोर लाइन बगायची. मसाल्यात ओव्याच्या जागी फिनेल घालू काय?"

माझं डोकंच फिरलं. किती दिवस झाले मी उन्हात फिरतेय! ओरडले, "तुलाच पाहिजे ना जवळ! दवाखान्यात कोण गेलं होतं? पाणी का पीत नाहीस तू?"

कोमलवहिनी — दादाची बायको — आत कुकर लावत होती. शिट्टी झाली. मग आत्या हळूच म्हणाली, "बाय, बाहेर जायचं असलं ना, मी आदल्या रातीपासून पानी घेत नाय."

मला कळेना. मग तिने सांगितलं. दिवाळीनंतर एका हळदीला तिला संडासला जायचं होतं. चार पोरं आली खुर्ची उचलायला. त्यातलं एक ओरडलं, बाजू व्हा, बाजू व्हा, आत्याला जायचंय! "समे, बेंजोवाले थांबले! हलद लावायची ती बाय हात वर घेऊन माझ्याकडंच बगतेय. नवरा पन बगतोय." सांगताना हसत होती. डोळे मात्र हसत नव्हते.

तेव्हापासून बाहेर पाणी बंद. बारशालाही तेच. "घरात कसं हाय, मी माझी जाते, माझी येते. कोनाला कलत पन नाय."

दादाला सांगू नको म्हणाली. शपथ घातली. सांगितलं तर तो नेणारच नाही म्हणून नाही — त्याला वाईट वाटेल म्हणून.

२१ जानेवारी, बुधवार

झोप नाही.

मी वेड्यासारखी सगळ्यांना विचारत होते, किती लांब, किती लांब. तिचं तिला जाता आलं पाहिजे, बस. मग असू दे जरा लांब.

पण असं कुठे असतं?

२४ जानेवारी, शनिवार

नसतं.

आज तीन ठिकाणं. एकाकडे दाराला उंबरठा, वीतभर. म्हणतो वास्तूचा आहे. संडासाची कसली वास्तू! दुसऱ्याकडे सगळं छान, दार एवढं अरुंद की मीच तिरकी गेले. तिसऱ्याकडे संध्याकाळनंतर कुलूप. चावी काळूकडे. काळू कुठे? काळू घरी.

म्हणजे आत्याने आधी काळूला फोन करायचा!

दादाचा मेसेज आला, "जागा मिळाली का? की मांजर?"

वालाचे भाव पण चढलेत. शेंगा पिवळ्या पडायला लागल्यात.

२६ जानेवारी, सोमवार

लिहायला हात धड चालत नाहीयेत. चाकं फिरवून तळहातावर फोड आलाय.

निघाले होते मालडुंग्याच्या बाजूला एक जागा बघायला. वाटेत नर्सरी लागली. झाडांची. बाहेर कुंडीत हातभर झाड आणि त्याला एवढाली संत्री! थांबले. थांबणारच ना? आत शिरले. आणि एक माणूस हातगाडीवर कुंड्या रचून नेत होता. एका हाताने गाडी, दुसऱ्या हातात फोन, कोणाशी तरी भांडत. आणि गाडी कशी, तेल लावल्यासारखी!

गेटपासून पार मागच्या टोकापर्यंत सिमेंटचा गुळगुळीत कोबा. कुठे पायरी नाही, उंबरठा नाही. मालकीणबाई अंकिता म्हणाली, "धक्का बसला की कुंड्या तडकतात हो. मागे खूप फुटल्या, तेव्हा सगळं एका लेव्हलला करून घेतलं."

संत्र्यांचा भाव विचारायचाच राहिला. विचारलं, "संडास कुठाय?"

डाव्या बाजूला, झाडांच्या रांगेआड. लांब आहे तसा. पण तीच कोब्याची वाट तिथपर्यंत. पूर्वी खताची खोली होती, म्हणून दार हे एवढं रुंद. भांडं भारतीय, पण आत्याची कमोडची खुर्ची त्यावर बरोबर बसेल. दिवा आहे. कडी आतून लागते, खाली, हाताला येईल अशी.

आणि मागे, कोब्याला लागूनच, रिकामं शेत, तिथे अंकिता पालापाचोळा जाळते.

स्कूटरवरून करकरती खुर्ची सोडली. बसले. मागच्या टोकापासून एकटीने चाकं फिरवत गेले, आत वळवली, कडी लावली, बाहेर आले, परत. अंकिता गुलाबांना पाणी घालत होती. तिने मान वर करून पाहिलंसुद्धा नाही!

"इथे मुक्काम करायचाय आम्हाला," म्हटलं.

"इथे? डास फोडून खातील."

"पोपटी लावायचीय."

"मग मी पण आहे."

मालडुंग्याचं राहिलंच.

२९ जानेवारी, गुरुवार

आत्याला सांगितलं. व्हिडिओ बघून म्हणाली, "कुंड्या बऱ्या दिसतात." बस! एवढंच!

३१ जानेवारी, शनिवार

(हे तंबूत लिहितेय, मोबाईलच्या उजेडात. सगळे झोपलेत. मी नाही.)

फुकट गेलं सगळं.

पाचला पोचलो. दादा, वहिनी, हृतिक, मी, आत्या. दादाने येताच बघून घेतलं आणि म्हणाला, "कॅम्पिंग म्हणून आणलं नि नर्सरीत आणलं? झाडं विकायची का आता?" हृतिकचा तंबू दोनदा पडला. गोवऱ्या ओल्या. हा धूर! दादाच्या पांढऱ्या गाडीवर राख बसली, मग तो पुसत बसला.

आत्याने मात्र थर लावले. एवढाच वेळ बरा होता. खुर्ची मडक्याला भिडवून, मीठ मुठीतून सोडत. अंकिताने मधे शेंगा सारख्या करायला हात घातला, तिलाही फटका! पहिल्या ओळखीत!

मी आत्याच्या खुर्चीच्या पिशवीत माझी पाण्याची बाटली ठेवली, लाल रिबिनवाली, भरलेली. संडासची वाट दाखवली, कडी दाखवली. "बरं," म्हणाली. थोड्या वेळाने विचारलं, पाणी देऊ? "मागितलं काय मी?"

दादाचं चालूच, "आई, जायचं असलं तर सांग हां. मी नि हृतिक उचलतो." मी त्याला लाथ घातली. त्याला कळलंच नाही कशाला.

मग जाळ धरला. आणि आत्या ओरडली, "समे, पानी आन!" म्हटलं, मागितलं एकदाचं! धावत जाऊन पिशवीतली बाटली काढली, तर म्हणते, "ती ठेव तिथंच. बादलीतलं आन, मडक्यावर मारायचंय." थेंब मारले. चर्र! उडाले. म्हणजे पोपटी झाली.

नीट झाली का? नाही. मला जाळ बघायला बसवलं होतं आणि मागच्या आंब्यावर घुबड बोललं. मी एवढीशीच गेले बघायला! आले तोवर एक बाजू करपलेली. आत्या: "डावी बाजू जालवलीस." सगळ्यांनी खाल्लं, बोटं चाटली, हृतिकने चौथ्यांदा घेतलं. आत्याचं तेच. डावी बाजू.

जेवण झाल्यावर गाणी म्हटली वहिनीने, हृतिकने तंबू तिसऱ्यांदा लावला, मी भांडी घासायला नळावर. परत आले तर आत्या राखेजवळ तिथेच, त्याच जागी. रात्र झाली, तिला तंबूतल्या खाटेवर घेतलं. एकदाही म्हणाली नाही, जायचंय. एकदाही नाही. तोंड पुसलं, झोपली.

म्हणजे काल रात्रीपासून परत काही प्यायली नाही. एवढ्या आगीपुढे बसून! उद्या ताप आला तर दादा मला सोडणार नाही, आणि बरोबरच आहे त्याचं. चूक माझीच. जागा शोधली म्हणजे माणूस पाणी पितं असं मला कोणी सांगितलं होतं?

आत्या घोरतेय. मोठ्याने.

१ फेब्रुवारी, रविवार

दादा आत्याला पहाटेच गाडीतून घेऊन गेला. मी मागे राहिले, तंबू आणि कमोडची खुर्ची आवरायला.

खाटेखाली माझी बाटली. आडवी. रिकामी. हृतिकला हलवून उठवलं. "मी कशाला पिऊ तुझं पाणी? माझं कोल्ड्रिंक होतं."

बाहेर आले. कोब्यावर चाकांच्या, राखेच्या दोन रेघा, पोपटीच्या जागेपासून झाडांआड. परत आलेल्या. पुन्हा गेलेल्या, पुन्हा आलेल्या. दोन रेघांच्या मधे ढकलणाऱ्याचं एक पाऊल नाही.

अंकिता पाइप घेऊन वाट धुवायला आली. म्हटलं, थांब. जरा थांब.