बैलगाडीला पडलेलं एक मत

बा, तुझी सून जिल्हा परिषदेवर निवडून आली. आपल्या तांड्यात पहिल्यांदा गुलाल उधळला गेला, आणि तोही तुझ्या पक्षाच्या बैलगाडीचा नाही, पाण्याच्या टाकीचा. आता तू कपाळाला हात लावशील, म्हणून सुरुवातीपासून सांगतो. तू गेलास त्यानंतर आपले आमदार आणखी काही आमदारांना घेऊन तुझ्या पक्षातून फुटले आणि त्यांनी नवा पक्ष काढला. शेतकऱ्याला त्याचा माल कुठंही विकू द्या, धंदा करणाऱ्याला कागदपत्रांत अडकवू नका, देवधर्म आणि रीतभात सांभाळा, असं त्यांचं म्हणणं. आर्णीतल्या माझ्या बियाण्यांच्या दुकानासाठी मी कचेरीच्या किती पायऱ्या झिजवल्या ते मलाच ठाऊक. मला ते पटलं, आणि जागा महिलेसाठी राखीव म्हणून माझ्याऐवजी तुझी सून उभी राहिली. बाजारात लोक हसले. "फुटलेल्याइचा पक्ष, अन् चिन्ह टाकी. पयले तिचं भोक बुजवा," म्हणाले.

तुझा राग मी पाहिलेला आहे. कॉलेजात असताना दुसऱ्या पक्षाच्या सभेला नुसता ऐकायला गेलो, तर तू माझ्यापुढचं ताट ओढून घेतलंस. "ज्या बैलाच्या पाठीवर आपल्या वाडवडलाइनं मीठ वाह्यलं, त्याले सोडाचं नसते," म्हणालास. तू तांड्याचा नाईक, तुझा शब्द मोडायची कोणाची छाती नव्हती. याडीने, आईच ती, मला मागून चुलीपाशी भाकर दिली. ती मी रागारागाने खाल्ली.

त्याच चुलीपाशी तू मला मत द्यायला शिकवलंस. मतदान जवळ आलं की तू स्वयंपाकघरात परात घेऊन बसायचास, तिच्यात राख पसरायचास आणि बोटाने चिन्हं काढायचास. तांड्यातल्या म्हाताऱ्या एकेक करून यायच्या आणि बैलगाडीवर बोट दाबायच्या. चुकलं की तू राख सारखी करून पुन्हा काढायचास. माझी पहिली पाळी आली तेव्हा बोट काळं होईपर्यंत दाबायला लावलंस. "बोटाले समजलं पाह्यजे. डोक्याचं काम नाही हे," म्हणालास.

या वेळी आम्हाला धास्ती होती ती तुझ्या या शिकवणीचीच. मनात टाकी असली तरी बोटं गाडीवर जाणार. मग तुझ्या सुनेने तुझीच परात काढली, तीच राख, आणि आठ दिवस बसली. मोठी काकी दर वेळी गाडीच दाबायची.

"काकी, टाकी."

"मले समजते वं. पण हे बोट तुह्या सासऱ्यानं शिकवलं हाय."

"मंग सासऱ्याले सांगा, सून उभी हाय."

काकीने जरा विचार केला आणि टाकीच्या मधोमध बोट रोवलं. त्यानंतर ती चुकली नाही.

निकाल लागला तेव्हा इतर गावांत बरोबरीची झुंज होती. आपल्या तांड्याने तिला वर काढलं. भोक बुजवा म्हणणारेच हार घेऊन आले. डफडं वाजत होतं, काकी गुलालाने लाल होऊन जीपपुढे नाचत होती, तुझी सून हात जोडून उभी होती आणि मी रस्त्यात उभा राहून रडलो. सरळ सांगतो बा, एवढा आनंद मला कधी झाला नव्हता. तू असतास तर चिडला असतास आणि मग कोणाचं लक्ष नाही बघून नाचला असतास.

फक्त एक गोष्ट राहिली. तांड्यातली सगळी मतं टाकीला आणि एकच बैलगाडीला. त्या दिवसापासून फितुराचा शोध चालू आहे. काकीने देवळात जाऊन शपथ घेतली. काल जेवताना तुझी सून मला वाढत म्हणाली, "काहून केलं असन हो त्यानं असं? सापडू द्या, मी त्याले सोडत नाही." मी भाकर मोडत राहिलो. हा कागद तिच्या हाती लागायच्या आत चुलीत घालतो. यंत्रापुढे उभा राहिलो, गाडी दिसली आणि बोट गेलं. आवाज झाला तेव्हा कळलं. सगळ्या तांड्याला परातीपुढे बसवलं, बा, मी तेवढा बसलो नाही.