ओसरीवरची छोटी लाइन

दारव्हा, १ सप्टेंबर १९६३, रविवार
पावसाची उघडीप. बाचा इंजिन ड्रायव्हरचा कोट उन्हात घातला, संध्याकाळी घडी करून पेटीत ठेवला. याडीने, म्हणजे आईने, पेटीला कुलूप लावलं. 

निश्चय केला. बा माघात गेला. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी त्याच्या नावाचा पहिला धबुकार, म्हणजे पितरांचा नैवेद्य. त्या दिवशी मी घरी बनवलेलं छोटं इंजिन ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाईल. वाफेवर. चौदा फूट.

फायरमनची जागा बाने लावून दिली होती, ती मी तब्येतीमुळे घेतली नाही. लोक म्हणाले, पोरगा कोळशाला भ्यायला. इंजिन पाहिलं की बोलणं बंद होईल. शेवटी रक्तात रेल्वे आहे. आजोबांचा लदेणीचा धंदा, बैलांवर कापूस लादून न्यायचा, याच रेल्वेने बुडवला. म्हणून बा रेल्वेत शिरला आणि मी जिनिंग फॅक्टरीत वजनकाट्यावर. तिघेही कापसाच्याच मागे.

यात दुःखाचा संबंध नाही. हे मेकॅनिकल काम आहे.

८ सप्टेंबर, रविवार
रुळांचा प्रश्न सुटला. कापसाच्या गाठी बांधायच्या लोखंडी पट्ट्या भंगारात होत्या. फॅक्टरीतल्या फिटर बाबुलालने दिल्या. विचारत होता, बाबूजी, खाट कसून राह्यले का? मी रेल्वे म्हणालो. तो हसला. अशिक्षित.

पट्ट्या ठोकून सरळ केल्या. सोडल्या की पुन्हा वाकतात. गाठीभोवती बसून सवय लागली आहे.

२२ सप्टेंबर, रविवार
नवीन प्लॅन: गोल लाइन. पट्ट्यांना तेच हवं आहे, शिवाय परदेशात गोलच करतात असं ऐकलं आहे.

पूनमसिंग काका आले. बाजवळ एकोणीस वर्षं फायरमन होते. लाइन पाहून म्हणाले, काहून रे नेमसिंग, हे काय मांडलं? तुह्या बापानं यवतमाळहून मूर्तिजापूरला गाडी नेली न् परत आणली. गोल गोल त घाण्याचा बैल फिरते.

काकांना टेक्निकल गोष्टी कळत नाहीत. लाइन उपटली. पुन्हा सरळ केली. सरळ पट्ट्या फक्त सहा फूट निघाल्या. सहा फूट पुष्कळ होतात.

६ ऑक्टोबर, रविवार
बॉयलर तयार. जुन्या पितळी स्टोव्हची टाकी, खाली पत्र्याची शेगडी, सगळे सांधे कथलाच्या झाळाने जोडलेले. झाळ मीच दिला. बाबुलाल म्हणाला की आगीजवळ कथील टिकत नाही. त्याला मी काटा कसा वाचायचा ते सांगत नाही.

याडी बराच वेळ शेगडीकडे बघत होती. म्हणाली, तुह्या बापाची भाकर अशाच आगीवर गरम व्हाये. फावड्यावर ठेवून. थो डबा घेऊन जाये न् तिथंच इंजिनजवळ जेवे.

मी बॉयलरमध्ये पाणी भरलं.

१३ ऑक्टोबर, रविवार
चाचणी. एक चाक अर्धा फेरा फिरलं. इंजिन जवळपास चाललं असं म्हणायला हरकत नाही. आता तीन फूट धरले आहेत. बारकं अंतर, पण अचूक.

१६ ऑक्टोबर, बुधवार
अंतर महत्त्वाचं नाही. शिट्टी वाजली तरी लोकांना कळतं.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार
धबुकार झाला.

मुलाने निखाऱ्यावर लापशी आणि तूप सोडून बापाचं नाव घ्यायचं असतं. याडीला घेता येत नाही, नवऱ्याचं नाव कसं घेणार. तांड्यावरची सात-आठ माणसं आली होती. मी सगळ्यांना म्हणालो, दोन मिनिटं थांबा, वाफ होऊ द्या. दोन मिनिटं दोनदा झाली. मग अजून दोनदा. अंगणातले निखारे विझले. पूनमसिंग काका म्हणाले, पोरा, पितर उपाशी हायेत न् तू पाणी उकळून राह्यला.

ओसरीवर माझ्या शेगडीतले निखारे मात्र लाल होते. याडी पातेलं घेऊन आली. म्हणाली, जन्मभर इंजिनजवळच जेवला, आजही तिथंच जेवू दे. तू नाव घे. आणि तिने शेगडीतल्या निखाऱ्यांवर लापशी सोडून वर तूप ओतलं.

जाळ टाकीच्या वर गेला. मी ओरडलो, तूप नको! कथील वितळलं, टाकी शेगडीत बसली, सगळं पाणी निखाऱ्यांवर. फुस्स झालं. त्याला शिट्टी म्हणता येणार नाही.

 बाबुलालही आला होता, तो वितळलेलं कथील बघत होता. काकांनी टोपी काढली, थोडा वेळ हातात धरली आणि पुन्हा घातली. जाताना म्हणाले, नाव राह्यलं रे. मी म्हणालो, तुम्ही घ्या. ते म्हणाले, मी त त्याचा फायरमन, पोरगा तू.

माझ्या बापाच्या पहिल्या धबुकाराला माझ्या तोंडून एवढंच निघालं: तूप नको.

१९ ऑक्टोबर, शनिवार
झाळ नीट नव्हता, बाकी डिझाइनमध्ये दोष नाही. पुढच्या वर्षी पितळेचा झाळ देणार.

याडी सकाळच्या गाडीने मामाकडे गेली. रागाने नाही, जायचंच होतं. नाव पुढच्या दिवाळीला घे म्हणाली. घर रिकामं होतं, आत्ता घेतलं असतं तरी कुणी ऐकलं नसतं. दोनदा तोंड उघडलं. घसा धुराने बसला आहे.

लापशीचं पातेलं तळाला करपलं होतं. मोरीत बसून राखेने घासलं.